व्हॉल्व्ह खरंच गेलाय का? जुना अ‍ॅम्प्लिफायर घरी दुरुस्त करताना व्हॉल्व्ह कसे तपासायचे

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज गेला की निदान ठरलेलं असतं : “वाल गेलाय भाऊ, दुसरा टाका.” सेट सप्ताहाच्या मंडपात वर्षानुवर्षं वाजलेला देवळाचा असो, मंडपवाल्याने अडगळीत टाकलेला असो, की माळ्यावर सापडलेला आजोबांचा रेकॉर्ड प्लेयर असो. व्हॉल्व्ह, म्हणजे ती काचेची निर्वात नळी, समोर दिसतो, लाल उजेड देतो, हाताने उपटता येतो, म्हणून आळ त्याच्यावरच येतो. चासीच्या, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, पोटात बसलेला पन्नास वर्षांचा कागदी कंडेन्सर कुणाच्या नजरेला पडत नाही. व्हॉल्व्ह खरोखर मेलेला निघाला तरी बऱ्याचदा त्याला त्या कंडेन्सरनेच मारलेलं असतं, आणि तोच कंडेन्सर नव्या व्हॉल्व्हचीही वाट बघत बसलेला असतो.

त्यामुळे या लेखात व्हॉल्व्हची तपासणी आणि त्याच्या आजूबाजूच्या भागांची तपासणी वेगळी काढलेली नाही. व्हॉल्व्ह टेस्टर नावाचं यंत्र असतं. ‘अ‍ॅव्हो’ कंपनीचे टेस्टर जुन्या मेकॅनिककडे क्वचित अजून दिसतात. पण ते नसलं म्हणून काही अडत नाही. एक बरा मल्टिमीटर आणि तुमचा तोच अ‍ॅम्प्लिफायर मिळून व्हॉल्व्हबद्दल जवळपास सगळं सांगतात. उलट स्वस्तातले टेस्टर व्हॉल्व्हला कमी व्होल्टेजवर तपासून ‘चांगला’ म्हणतात आणि त्याच व्हॉल्व्हचा आतला पत्रा सेटमध्ये ३०० व्होल्टवर तापून लाल होतो.

आधी जिवाचं बघा

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये एचटी, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला (करंट गोळा करणाऱ्या आतल्या पत्र्याला) जाणारा डीसी पुरवठा, साधारण २५० ते ४५० व्होल्ट असतो. प्लग काढला म्हणजे तो गेला, असं होत नाही. डीसी सपाट करणाऱ्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो. चालू स्थितीतल्या सेटमध्ये गरम व्हॉल्व्ह हा साठा काही सेकंदांत पिऊन टाकतात. पण हीटर, म्हणजे व्हॉल्व्हला आतून तापवणारी तार, तुटलेला असेल किंवा व्हॉल्व्ह काढून ठेवले असतील, तर साठा रिकामा करणारं कुणीच उरत नाही. म्हणजे बंद पडलेला सेट हा चालू सेटपेक्षा जास्त धोक्याचा.

४.७ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स घ्या आणि त्याच्या दोन्ही टोकांना चांगलं इन्सुलेशन असलेल्या वायर आणि मगरक्लिप लावा. प्लग काढल्यावर एक क्लिप आधी चासीला, मग दुसरी फिल्टर कंडेन्सरच्या प्लसला, आणि दहा सेकंद तशीच राहू द्या. नंतर मीटरने मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालायचा नाही. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ‘फट्’ करायची जुनी सवय काही मेकॅनिकना असते. त्यात कंडेन्सरही खराब होतो आणि डोळ्याजवळ ठिणगी उडते.

चालू सेटमध्ये मोजताना काळ्या प्रोबला मगरक्लिप लावून ती चासीला कायमची अडकवा आणि डावा हात खिशात ठेवा. पायात चप्पल, खाली कोरडी लाकडी फळी. मीटर किमान ६०० व्होल्ट डीसीचा हवा आणि त्याच्या वायर तडकलेल्या नसाव्यात. घरात दुसरं माणूस असेल तेव्हाच हे काम करा आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला आधी दाखवून ठेवा.

दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण पुढे सांगितल्या तर उशीर होईल. पहिली : स्पीकर किंवा त्याच्या जागी ८ ओहमचा जाड रेझिस्टन्स जोडल्याशिवाय सेट चालू करू नका. लोड नसताना सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये व्होल्टेज इतकं चढतं की इन्सुलेशन फुटतं, आणि तो ट्रान्सफॉर्मर आता बाजारात मिळत नाही. कार्यक्रमांच्या सेटला मागे ७० आणि १०० व्होल्ट लाइनचेही टर्मिनल असतात. घरी तपासताना ८ ओहमचंच वापरा.

दुसरी : सेटमध्ये मोठा मेन ट्रान्सफॉर्मर दिसत नसेल आणि व्हॉल्व्हची नावं ‘यू’ अक्षराने सुरू होत असतील (यूसीएल-८२, यूवाय-८५, यूएल-८४), तर त्याची चासी थेट मेनलाइनला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी चासी २३० व्होल्टला! सेटला मेनलाइनपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर असा सेट घरी उघडू नका. पुढचं सगळं ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटबद्दल आहे.

नाव वाचा, मग पीन मोजा

व्हॉल्व्हवरच्या नावातच निम्मी माहिती असते. युरोपियन पद्धतीत पहिलं अक्षर हीटरचं : ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘जी’ म्हणजे ५ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलीअँपिअरची सिरीज साखळी. पुढची अक्षरं कामाची : ‘एल’ आउटपुटचा, ‘सीसी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड (एकच जाळी असलेले), ‘एफ’ लहान पेंटोड (तीन जाळ्यांचा), ‘झेड’ रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा. अमेरिकन नावं वेगळी असली तरी वस्तू तीच असते : ईएल-८४ म्हणजे ६बीक्यू५, ईएल-३४ म्हणजे ६सीए७, ईसीसी-८३ म्हणजे १२एएक्स७, ईझेड-८१ म्हणजे ६सीए४, जीझेड-३४ म्हणजे ५एआर४. आपल्याकडच्या सेटमध्ये ‘बेल’चा, म्हणजे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेले व्हॉल्व्हही दिसतात. शाबूत असतील तर उगाच बदलू नका.

पीन नेहमी खालून, सोल्डरिंगच्या बाजूने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. नऊ पिनांच्या बेसमध्ये (व्हॉल्व्ह बसतो त्या सॉकेटमध्ये) दोन पिनांमधली मोठी मोकळी जागा शोधायची आणि तिथून सुरुवात करायची. आठ पिनांच्या जाड बेसमध्ये मधल्या खुंटीच्या खाचेपासून. वरून मोजलं तर क्रम उलटा होतो आणि कॅथोड समजून तुम्ही भलतीकडेच प्रोब लावता. कॅथोड म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, ग्रिड म्हणजे त्यांचा प्रवाह ताब्यात ठेवणारी जाळी, स्क्रीन म्हणजे तिच्या आणि प्लेटच्या मधली दुसरी जाळी. लागणाऱ्या पिना वहीत लिहून घ्या :

ईएल-८४ : २ ग्रिड, ३ कॅथोड, ४-५ हीटर, ७ प्लेट, ९ स्क्रीन.
ईएल-३४ : १ सप्रेसर ग्रिड (ही बहुतेक सेटमध्ये ८ ला जोडलेली), २-७ हीटर, ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ ग्रिड, ८ कॅथोड. ६एल६ची मांडणीही २, ३, ४, ५, ७, ८ या पिनांपुरती हीच.
ईसीसी-८३ : १-२-३ एका ट्रायोडचे प्लेट-ग्रिड-कॅथोड, ६-७-८ दुसऱ्याचे. हीटर ४ आणि ५, त्यांचा मधला जोड ९ वर.

सेट बंद असताना

व्हॉल्व्ह सरळ वर ओढून काढा, फार तर अगदी थोडा हलवत. नऊ पिनांच्या व्हॉल्व्हला वेगळं बूड नसतं, पिना थेट काचेतून येतात. जोरात डुलवला की पिनेपाशी केसाएवढी चीर पडते आणि हवा आत शिरते. हवा शिरल्याची खूण न चुकणारी आहे : काचेच्या आतला चंदेरी आरशासारखा डाग, ज्याला गेटर म्हणतात, तो दुधासारखा पांढरा होतो. असा व्हॉल्व्ह टाकून द्या, मीटर लावायची गरज नाही. डाग कडेने तपकिरी किंवा थोडा आक्रसलेला असेल तर व्हॉल्व्ह खूप वापरलाय एवढंच समजा.

काच पुसताना छापलेल्या अक्षरांवर कापड फिरवू नका. जुनी छपाई बोटानेही जाते आणि मग तो व्हॉल्व्ह कोणता हे सांगणारं काही उरत नाही. पिना मात्र नीट साफ करा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बारीक असते. उन्हाळ्यात ती बेसच्या पाकळ्यांत बसते आणि पावसाळ्यात ओल धरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा काँटॅक्ट क्लीनर पिनांना लावा, व्हॉल्व्ह दोन-चार वेळा आत-बाहेर करा. पाकळ्या सैल असतील तर बारीक सुईने आत दाबा. बरेच ‘गेलेले’ व्हॉल्व्ह एवढ्यावरच बोलायला लागतात.

आता ओहम रेंजवर हीटर. ईसीसी-८३ चा हीटर गरम असताना ८४ ओहमचा असतो (१२.६ व्होल्ट भागिले ०.१५ अँपिअर), पण थंड असताना त्याच्या पाच-सहा पटींनी कमी दिसतो, म्हणजे १०-१५ ओहमच्या घरात. ईएल-८४ किंवा ईएल-३४ चा थंड हीटर एक-दीड ओहम किंवा त्याहूनही कमी दाखवतो. त्याला शॉर्ट समजू नका. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला, विषय संपला. मग इतर पिनांमध्ये एकमेकांशी जोड दिसतोय का बघा. दिसायला नको. फक्त ईएल-८४ च्या १, ६, ८ या पिना आतून कशालातरी जोडलेल्या असू शकतात, त्या सोडून द्या. थंडपणी शॉर्ट नाही म्हणजे गरम झाल्यावरही नाही, असं नसतं. धातू फुगतो आणि जाळी कॅथोडला टेकते. ते पुढे कळेल.

आधी घरातली लाइन मोजा

ही पायरी परदेशी पुस्तकांत दोन ओळींत आटपते, पण आपल्याकडे तिच्यावर बरंच अवलंबून आहे. रब्बीत शेतावरचे पंप सुरू झाले की खेड्यात लाइन, म्हणजे घरात येणारं व्होल्टेज, १९० पर्यंत येते, आणि मध्यरात्री सगळं बंद असताना २५० लाही जाते. हीटरचं व्होल्टेज त्याच प्रमाणात बदलतं : लाइन २३० असताना ६.३ मिळत असतील, तर १९० ला ५.२ आणि २५० ला ६.८५. व्हॉल्व्ह बनवणारे साधारण पाच टक्के इकडे-तिकडे चालवून घेतात, म्हणजे ६.० ते ६.६. कमी व्होल्टेजवर धडधाकट व्हॉल्व्हही मरतुकडा दिसतो. जास्तीवर म्हातारा व्हॉल्व्ह तासाभरापुरता तरणा वाटतो आणि त्याचं उरलेलं आयुष्य झपाट्याने संपतं.

म्हणून प्रत्येक वेळी मोजणी लिहिताना शेजारी त्या वेळची लाइन लिहा. सकाळचे आणि रात्रीचे आकडे एकमेकांशी ताडू नका. चांगला स्टॅबिलायझर असेल तर त्यावर सेट लावा. कामाच्या बाकावर डिमरस्टॅट (बटण फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर उत्तम, २३० वर ठेवूनच सगळं मोजायचं. काही सेटच्या मागे २२०-२३०-२४० असा निवडीचा प्लग असतो. तो कुठे बसवलाय तेही बघा.

हीटर मोजताना मीटर एसीवर, प्रोब हीटरच्या दोन पिनांवर, व्हॉल्व्ह बसवलेला. एका व्हॉल्व्हला ६.३ आणि दुसऱ्याला ५.५ येत असेल तर मधला सोल्डर जोड किंवा बेसची पाकळी दोषी आहे.

सिरीज बल्बवर पहिली चालू

बरीच वर्षं बंद असलेला सेट थेट प्लगमध्ये घालू नका. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड घ्या आणि त्यात तारेचा पिवळा बल्ब लावा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. दोन ईएल-८४ च्या सेटला १०० वॅट, दोन ईएल-३४ च्या सेटला १०० चे दोन बल्ब पॅरललमध्ये. चालू केल्यावर बल्ब क्षणभर भडकून मंद झाला तर ठीक. भडकलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. सगळे व्हॉल्व्ह काढूनही तो भडकलेला असेल तर दोष ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंगचा. रेक्टिफायर बसवल्यावर भडकत असेल तर फिल्टर कंडेन्सर किंवा रेक्टिफायर.

आउटपुट व्हॉल्व्हना फिक्स्ड बायस असेल, म्हणजे ग्रिडला वेगळं मायनस व्होल्टेज दिलेलं असेल, तर ते व्हॉल्व्ह बसवण्याआधीच बेसच्या ग्रिड पिनेवर मोजा. ईएल-३४ च्या सेटमध्ये ते मायनस ३० ते ४० च्या आसपास असतं. शून्य असेल तर व्हॉल्व्ह बसवू नका, मिनिटभरात प्लेट लाल होईल.

बल्ब मंद राहिला की तो काढून सेट सरळ लाइनवर घ्या, कारण बल्ब असताना सगळेच आकडे कमी येतात. खोलीत अंधार करा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. काचेच्या आतल्या अंगाला निळसर झाक दिसली तर घाबरायचं नाही, ताकदीच्या व्हॉल्व्हमध्ये ती असतेच. जाळ्यांच्या मधल्या पोकळीत जांभळा-गुलाबी ढग दिसला तर आत गॅस झाला आहे. प्लेटचा पत्रा लाल होऊ लागला तर ताबडतोब बंद करा.

कॅथोडचं व्होल्टेज

व्हॉल्व्ह किती करंट घेतोय हे कळलं की त्याची तब्येत कळते, आणि तो करंट मोजायला काही तोडावं लागत नाही. कॅथोडपासून चासीपर्यंत एक रेझिस्टन्स असतो. त्याच्यावरचं व्होल्टेज भागिले ओहम म्हणजे करंट.

समजा ईएल-८४ च्या पुश-पुल (आळीपाळीने काम करणाऱ्या) जोडीत प्रत्येक कॅथोडला २७० ओहम आहे. पीन ३ वर १०.८ व्होल्ट आले, म्हणजे ४० मिलीअँपिअर. त्यातले साडेचार-एक स्क्रीनचे, बाकी साडेपस्तीस प्लेटचे. प्लेटवर ३०० व्होल्ट असतील तर प्लेट आणि कॅथोडमध्ये २८९ उरतात. ०.०३५५ गुणिले २८९ म्हणजे सव्वादहा वॅट. ईएल-८४ ची मर्यादा १२ वॅट, तेव्हा व्हॉल्व्ह सुखात आहे. ईएल-३४ साठी ही मर्यादा २५ वॅट. ६एल६ बाबत जपून : जुन्या ६एल६जीची १९ आणि नंतरच्या ६एल६जीसीची ३० आहे. अक्षरं नीट वाचा.

आता जोडीतल्या दुसऱ्याचं मोजा. पहिल्याचं १०.८ आणि दुसऱ्याचं १०.१ आलं तर भजनाच्या सेटला कसलीही अडचण नाही. दुसऱ्याचं ६ आलं तर काहीतरी बिघडलंय, पण व्हॉल्व्हच बिघडलाय असं अजून ठरत नाही. सेट बंद करा, थंड होऊ द्या आणि दोघांच्या जागा बदला. कमी आकडा व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बेसवर गेला तर व्हॉल्व्ह थकलाय. आकडा त्याच बेसवर राहिला तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे आणि दोष चासीखाली आहे. कितीही महागाचा टेस्टर असला तरी मी ही अदलाबदल आधी करतो, कारण ती फुकट आहे आणि खोटं बोलत नाही.

आकडा बेसवरच राहिला तर कुठे बघायचं? कमी असेल तर स्क्रीनच्या पिनेवर व्होल्टेज येतंय का बघा, तिथला रेझिस्टन्स उघडा झालेला असतो. शून्य असेल आणि प्लेट लाल होत असेल तर कॅथोडच्या रेझिस्टन्सला समांतर बसवलेला बायपास कंडेन्सर शॉर्ट आहे. ४०-५० असेल आणि आवाज चिरकत असेल तर कॅथोड रेझिस्टन्स तुटलाय. नेहमीपेक्षा दीडपट असेल तर पुढचा भाग वाचा.

काही सेटमध्ये दोन्ही कॅथोड एकत्र करून १३० ओहमचा एकच रेझिस्टन्स असतो. मग कोण किती घेतोय हे कळत नाही. प्रत्येक कॅथोडच्या वाटेत १० ओहम, १ वॅटचा रेझिस्टन्स टाका आणि त्याच्या दोन टोकांवर मोजा. १० मिलीव्होल्ट म्हणजे १ मिलीअँपिअर. तो कायम तिथेच राहू द्या, पुढच्या वेळी सोपं जातं.

आकडा एकदाच घेऊन थांबू नका. चालू केल्यावर एक मिनिटाने, पाच मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने लिहा. चांगला व्हॉल्व्ह मिनिटभरात आपल्या आकड्यावर येऊन तिथेच बसतो. थकलेला हळूहळू चढत उशिरा पोचतो. आणि जो चढतच राहतो, थांबत नाही, तो सगळ्यात धोकादायक.

ग्रिडवर प्लस दिसलं तर

कॅथोड बायसच्या, म्हणजे ग्रिडला वेगळं मायनस न देता कॅथोडच्या रेझिस्टन्सवर चालणाऱ्या सेटमध्ये, सिग्नल नसताना, आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर चासीच्या तुलनेत शून्य व्होल्ट हवेत. तिथे अर्धा-एक व्होल्ट प्लस दिसला की व्हॉल्व्ह जास्त करंट घेऊ लागतो, तापतो, आणखी घेतो. आणि हे प्लस दोनच ठिकाणांहून येतं : आधीच्या स्टेजच्या प्लेटकडून येणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय, किंवा व्हॉल्व्हमध्ये गॅस होऊन ग्रिडच करंट देतोय. मोजायला १० मेगओहम इनपुटचा डिजिटल मीटर घ्या, साधा मीटर ग्रिडला लोड करतो आणि आकडा कमी दाखवतो.

दोघांतला चोर पकडायचा तर आउटपुटचे दोन्ही व्हॉल्व्ह काढा आणि बाकीचे तसेच ठेवून पुन्हा मोजा. प्लस तसंच राहिलं तर कंडेन्सर. गेलं तर व्हॉल्व्ह. एक सावधगिरी : आउटपुट व्हॉल्व्ह काढले की एचटीवरचा भार जातो आणि व्होल्टेज चढतं. ट्रान्सफॉर्मर ३००-०-३०० चा असेल तर ४२० च्या आसपास. फिल्टर कंडेन्सरवर ३५० लिहिलेलं असेल तर ही मोजणी सिरीज बल्बवर करा आणि झटपट आटपा.

कंडेन्सर काढून ओहम रेंजवर तपासला तर तो ‘चांगला’च दिसतो, आणि इथेच अनुभवी माणसंही फसतात. हिशोब करून बघा. ग्रिडचा रेझिस्टन्स ४७० किलोओहम, त्यावर १ व्होल्ट, म्हणजे गळती २ मायक्रोअँपिअरच्या थोडी वर. कंडेन्सरवर १८० व्होल्ट आहेत, म्हणजे त्याचा गळतीचा रेझिस्टन्स साधारण ८५ मेगओहम. घरगुती मीटरची रेंज २० किंवा ४० मेगओहमला संपते. शिवाय मीटर ओहम मोजायला दोन-तीन व्होल्टच देतो, आणि मेणाचा जुना कंडेन्सर खरी गळती १८० व्होल्टवर दाखवतो. त्यामुळे मेणाचे किंवा कागदी कपलिंग कंडेन्सर मी तपासत बसत नाही, सरळ तेवढ्याच मूल्याचे ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर टाकतो. पंचवीस-पन्नास रुपयांच्या वस्तूपायी व्हॉल्व्हची जोडी पणाला लावायची कशाला?

गॅसचा दोष गरम झाल्यावरच नीट उघडा पडतो. म्हणून ग्रिडच्या पिनेपाशी मीटरची वायर पक्की लावून बाहेर काढा, झाकण बसवा आणि तासभर सेट चालू ठेवून मग बघा. मे महिन्यात परभणीला पत्र्याच्या खोलीत ४३ अंश असताना जो व्हॉल्व्ह पास होतो, तो डिसेंबरातल्या काकड्याला दगा देणार नाही. उलट मात्र खरं नाही.

लहान व्हॉल्व्ह

ईसीसी-८३ सहसा मरत नाहीत, ते आवाज करू लागतात. तरी आधी व्होल्टेज बघा. एचटी २५० व्होल्ट, प्लेटला १०० किलोओहम आणि कॅथोडला १.५ किलोओहम अशी नेहमीची मांडणी असेल तर करंट ०.८६ मिलीअँपिअर असतो. म्हणजे प्लेटवर १६४ आणि कॅथोडवर १.३ व्होल्टच्या जवळपास. प्लेटवर पूर्ण २५० आले तर करंटच नाही : हीटर, कॅथोडचा रेझिस्टन्स किंवा व्हॉल्व्ह. प्लेटवर फारच कमी आले तर आधी प्लेटचा रेझिस्टन्स मोजा. जुने कार्बन रेझिस्टन्स वयाबरोबर वाढत जातात, १०० चे १८० होतात, आणि दोष व्हॉल्व्हच्या माथी येतो.

मग आवाज वाढवून पेन्सिलीच्या रबरी टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून ‘टुंग’ असा घुमणारा आवाज आला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक आहे. थोडासा सगळेच देतात. पहिल्या स्टेजला, जिथे माइक जोडतो तिथे, तो खपत नाही, पण त्याच व्हॉल्व्हला पुढच्या जागी बसवलं तर वर्षानुवर्षं चालतो. ‘कर्र’ आवाज आला तर व्हॉल्व्हआधी बेस बघा.

घूं आवाज असेल तर कुठून येतो ते व्हॉल्यूमच्या बटणाने ठरवा. बटण फिरवल्यावर कमी-जास्त होत असेल तर त्याच्या आधीचा भाग, नसेल तर नंतरचा. जाड, खालच्या सुरातला घूं ५० हर्ट्झचा असतो. तो हीटर आणि कॅथोडमधल्या गळतीचा किंवा तुटलेल्या शील्डचा असू शकतो, आणि व्हॉल्व्ह बदलून लगेच कळतं. त्याच्या बरोबर वरच्या सप्तकातला म्हणजे १०० हर्ट्झचा असेल तर फिल्टर कंडेन्सर सुकलाय. व्हॉल्व्हला हात लावू नका.

रेक्टिफायर

इथे फार काही नाही. ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० चा असेल तर लोडवर डीसी २७० ते ३०० यायला हवा. बराच कमी येत असेल, फिल्टर कंडेन्सर नवे असतील आणि आउटपुट व्हॉल्व्ह जास्त ओढत नसतील, तर रेक्टिफायर थकलाय. चालू करताना आत ठिणगी उडत असेल तर तो बदलाच. मात्र ‘मोठा कंडेन्सर म्हणजे कमी घूं’ असं म्हणून कुणी पहिल्या जागी २२० मायक्रोफॅरड बसवलाय का, ते आधी बघा. ईझेड-८१ ला तिथे ५० आणि जीझेड-३४ ला ६० मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही. मोठ्या कंडेन्सरचा पहिला घोट रेक्टिफायरला जाळतो, आणि नवा टाकला तरी तेच होतं.

नवा आणायचाच असेल तर

नांदेड, परभणी, लातूरकडून हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली जवळ पडते. छत्रपती संभाजीनगरकडून पुण्याची बुधवार पेठ किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. नवे व्हॉल्व्ह आजही बनतात : स्लोव्हाकियात जेजे, रशियात इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, शिवाय चिनी. आउटपुटचे घेताना एकाच कंपनीची जुळवलेली जोडी मागा. दुकानात जुना साठा मिळाला तर गेटर बघा, हीटरचा ओहम तिथेच मोजा, आणि पैसे देण्याआधी परत घेण्याची अट बोलून घ्या, कारण खोक्यावर ‘नवा’ लिहिलेलं असतं ते खोक्याबद्दल.

घरी आल्यावर कपलिंग कंडेन्सर आणि कॅथोड रेझिस्टन्स बदलून झाल्याशिवाय नवी जोडी बसवू नका. बसवल्यावर पुन्हा तेच : लाइन, हीटर, एक मिनिट-पाच मिनिटं-अर्धा तास असे कॅथोडचे आकडे, गरम झाल्यावर ग्रिडचं शून्य. हे आकडे तारखेसह कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला, व्हॉल्व्हच्या तापापासून लांब चिकटवा. जुने काढलेले व्हॉल्व्ह फक्त थकलेले असतील तर त्यांचे आकडे लिहून खोक्यात ठेवा. पुढच्या वेळी अदलाबदलीच्या चाचणीला तेच उपयोगी पडतात.